इंजेक्शननंतर नजर गेली. मग पुढचे इंजेक्शन घ्यायचे का?

पत्राचा सारांश: पश्चिम महाराष्ट्रातील एका तालुक्याच्या गावातून एका भगिनींनी लिहिले आहे. त्यांचे वडील ७४ वर्षांचे, निवृत्त प्राथमिक शिक्षक. काही महिन्यांपूर्वी त्यांना उजव्या डोळ्याने वर्तमानपत्राच्या ओळी वाकड्या दिसू लागल्या. शहरातील रेटिनातज्ज्ञांनी वयोमानाने होणारा मॅक्युलाचा, म्हणजे डोळ्याच्या पडद्याच्या मध्यभागाचा, आजार, त्यातही ‘ओला’ प्रकार, असल्याचे सांगून डोळ्यात इंजेक्शने सुरू केली. दुसऱ्या इंजेक्शननंतर आठवडाभरात, एका सकाळी, त्या डोळ्यासमोर मधोमध काळपट डाग आला. पुन्हा स्कॅन केल्यावर रेटिनाखालचा रंगद्रव्याचा थर फाटल्याचे निदान झाले. डॉक्टर इंजेक्शने चालू ठेवायला सांगतात. भगिनींचा धाकटा भाऊ म्हणतो, ज्याने डोळा घालवला तेच औषध पुन्हा कशाला. त्याला डॉक्टरांविरुद्ध तक्रारही करायची आहे. ओळखीच्या एकाने पडदा शिवण्याचे ऑपरेशन सुचवले आहे, दुसऱ्याने स्टेम सेलचे उपचार. वडील स्वतः काहीच बोलत नाहीत. इंजेक्शनचा आग्रह या भगिनींनीच धरला होता आणि डाव्या डोळ्यातही पिवळट ठिपके असल्याचे कळल्यापासून त्यांची झोप उडाली आहे. त्या विचारतात: हे माझ्या आग्रहामुळे झाले का, आणि आता थांबायचे की पुढे जायचे?

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रात दोन प्रश्न एकमेकांत गुंतले आहेत. झाले ते कशामुळे झाले, हा एक; आणि आता काय करायचे, हा दुसरा. तुमच्या घरात पहिल्याच्या उत्तरावरून दुसऱ्याचा निकाल लावला जात आहे: इंजेक्शनमुळे झाले, म्हणून इंजेक्शन बंद. ऐकायला हे सरळ वाटते, पण या आजारात ते तसे लागू पडत नाही. का, हे कळण्यासाठी फाटलेला थर कोणता आणि तो कसा फाटतो, हे आधी पाहावे लागेल.

आपण ज्याला डोळ्याचा पडदा म्हणतो त्या रेटिनाच्या मागे, तिला चिकटून, पेशींचा एकेरी थर असतो. त्यातील काळपट रंगद्रव्यामुळे त्याला रंगद्रव्याचा थर म्हणतात. डॉक्टर मंडळी ‘आरपीई’ म्हणतात. प्रकाश टिपणाऱ्या पेशींचे पोषण करणे, त्या रोज टाकून देत असलेला भाग गिळून साफ करणे, झिरपलेले पाणी मागे उपसून टाकणे आणि मागच्या रक्तवाहिन्यांपासून रेटिनाला अलग राखणे, ही सगळी कामे या थराकडे असतात. प्रौढ वयात या पेशी सहसा नव्याने वाढत नाहीत. म्हणूनच हा थर जिथून निघून जातो, तिथली रेटिना जागेवर असूनही तिची नजर हळूहळू क्षीण होते.

ओल्या प्रकारच्या आजारात या थराच्या खाली नको असलेल्या रक्तवाहिन्या वाढतात आणि पाझरतात. ओल आलेल्या भिंतीवरचा रंग जसा फुगून पोपडा धरतो, तसा हा थर खालच्या पाण्याने वर उचलला जातो. या फुगवट्याला ‘पीईडी’ म्हणतात आणि तुमच्या वडिलांच्या पहिल्या स्कॅनच्या अहवालात ही तीन अक्षरे असण्याची शक्यता दाट आहे. आत पाण्याचा दाब असतो, वर थर ताणलेला असतो आणि खालून त्या रक्तवाहिन्यांची जाळी त्याला एका बाजूला धरून बसलेली असते. ती जाळी आकसली की ओढ बसते. थर जिथे उचललेला आणि चिकटलेला भाग एकत्र येतात त्या कडेवर फाटतो आणि जाळीच्या दिशेने गुंडाळत जातो. हे बहुतेक वेळा अचानक आणि वेदनेशिवाय घडते. सकाळी उठून पाहावे तर डोळ्यासमोर डाग, असे जे तुम्ही लिहिले आहे, ते याच्याशी जुळते.

आता तुमच्या पहिल्या प्रश्नाकडे येतो. तुमच्या भावाच्या मनात कदाचित सुईने पडदा फाडला असे चित्र असेल. तसे घडलेले नाही. ही सुई बुबुळाच्या कडेपासून साडेतीन ते चार मिलिमीटर अंतरावर, डोळ्याच्या पांढऱ्या भागातून, आतल्या जेलीसारख्या द्रवात जाते. रेटिनाच्या मध्यभागापर्यंत ती पोहोचतच नाही. मात्र औषधाचा यात काहीच हात नसतो, असे म्हणणेही खरे होणार नाही. औषध आपले काम करते, म्हणजे त्या रक्तवाहिन्या आकसवते, आणि त्याच आकसण्याने आधीच ताणलेल्या थराला ओढ बसते. म्हणूनच असे फाटणे बहुधा पहिल्या काही इंजेक्शनांनंतरच दिसते.

परंतु हेही ध्यानात घ्या की, या थराच्या फाटण्याचे पहिले वर्णन १९८१ साली ब्रिटनमधील डॉक्टरांनी प्रसिद्ध केले आणि डोळ्यातील ही इंजेक्शने त्यानंतर सुमारे पाव शतकाने वापरात आली. रक्तवाहिन्या असलेला फुगवटा ज्यांच्या डोळ्यात आहे, अशांपैकी साधारण १० ते १२ टक्के जणांत तो उपचारांशिवायच फाटतो, असे जुन्या नोंदी सांगतात. इंजेक्शने घेतलेल्यांच्या अनेक नोंदींत हे प्रमाण १४ ते २० टक्क्यांच्या घरात आढळते. फुगवटा जितका उंच, तितका धोका अधिक. ४०० मायक्रॉनच्या, म्हणजे मिलिमीटरच्या चार दशांशांच्या, वर गेलेल्या फुगवट्याकडे डॉक्टर सावधपणे पाहतात. तेव्हा औषधाने ही घटना कदाचित जवळ आणली असेल, पण तिची पूर्वतयारी आजाराने करून ठेवलेली होती. तुम्ही आग्रह धरला नसता तर डोळा शाबूत राहिला असता, हे तुमच्या मनातले गृहीतक मला मान्य नाही. उपचार न केलेल्या ओल्या आजारात रक्तस्राव होत, व्रण धरत, बहुतेकांची मधली नजर जाते. तुमच्यासमोर धोका नसलेला रस्ता नव्हता. दोन धोक्यांपैकी कमी असलेला तुम्ही निवडलात, आणि तीच माहिती हाती असताना आजही मी तोच सल्ला दिला असता.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर पूर्णपणे एका गोष्टीवर अवलंबून आहे: उजव्या डोळ्यात आजार अजून जागा आहे का? थर फाटला म्हणजे खालच्या रक्तवाहिन्या संपल्या, असे होत नाही. उलट, पाणी रोखून धरणारा थर तिथे नसल्याने त्या अधिक पाझरू शकतात. आधीचे डॉक्टर असा डोळा पाहून हात टेकत असत. इंजेक्शनांच्या काळात जमा झालेला अनुभव असा आहे की, फाटल्यानंतरही उपचार चालू ठेवलेल्या अनेक डोळ्यांत नजर निदान टिकून राहते आणि काहींत थोडी सुधारते. हा अनुभव रुग्णांच्या नोंदींच्या अभ्यासांतून आलेला आहे, त्यामुळे डॉक्टरांनी ‘नक्की फायदा होईल’ असे ठासून सांगितले तर तेवढे ठासून सांगता येत नाही, असे मी म्हणेन. पण ‘चालू ठेवा’ हा त्यांचा सल्ला आजच्या रूढ पद्धतीला धरूनच आहे.

किती आशा ठेवायची, हे फाटलेल्या जागेवरून ठरते. २०१० मध्ये मांडल्या गेलेल्या आणि आज सर्रास वापरल्या जाणाऱ्या श्रेणींनुसार २०० मायक्रॉनपेक्षा लहान फाट पहिल्या श्रेणीत येते, त्याहून मोठी, पण डोळ्याच्या मज्जातंतूच्या तबकडीच्या व्यासाइतकी, म्हणजे सुमारे दीड मिलिमीटरपर्यंतची फाट दुसऱ्या, त्यापुढची तिसऱ्या, आणि तेवढी मोठी असून रेटिनाचा अगदी मध्यबिंदू, म्हणजे फोव्हिया, उघडा पडला असेल तर चौथ्या. तुमच्या वडिलांना डाग मधोमध दिसतो, त्यामुळे फोव्हियाला धक्का पोहोचला असण्याची शक्यता मोठी आहे, पण तो डाग नुसत्या साठलेल्या रक्तामुळे किंवा पाण्यामुळेही असू शकतो आणि तसे असल्यास त्यातला काही भाग निवळतो. पहिल्या दोन श्रेणींत नजर पुष्कळदा बरी राहते. चौथ्या श्रेणीत वाचण्याइतकी नजर परत येण्याची अपेक्षा मी धरायला सांगणार नाही. तिथे इंजेक्शनचा हेतू डाग आणखी पसरू न देणे एवढाच असतो.

मग कधी थांबायचे? स्कॅनवर पाणी नाही, रक्त नाही, व्रण स्थिर झाला आहे आणि सलग काही भेटींत तसेच दिसते आहे, असे झाले तर इंजेक्शनांतले अंतर वाढवणे किंवा ती थांबवून नुसती तपासणी ठेवणे योग्यच असते. थांबण्याचे कारण डोळ्याच्या स्थितीत असावे. घरातल्या रागात नसावे. खर्च हे मात्र खरे कारण असू शकते आणि ते सांगताना संकोच करू नका. बेव्हॅसिझुमॅब हे मुळात कर्करोगाचे औषध डोळ्यात वापरायला पुष्कळ स्वस्त पडते आणि २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील मोठ्या चाचणीत, सारख्याच वेळापत्रकाने दिल्यावर, वर्षाअखेर त्याने राखलेली नजर डोळ्यासाठीच बनवलेल्या महागड्या रॅनिबिझुमॅबच्या तोडीस तोड होती. त्याच्या मोठ्या बाटलीतून छोटे डोस काढले जात असल्याने ते काम निर्जंतुक पद्धतीने कुठे होते, एवढे विचारून घ्यावे. रॅनिबिझुमॅबचे भारतात बनलेले, तुलनेने स्वस्त रूपही २०१५ पासून मिळते.

पुढच्या भेटीला जाताना हे प्रश्न कागदावर लिहून न्या: पहिल्या इंजेक्शनपूर्वी फुगवट्याची उंची किती होती? फाट कोणत्या श्रेणीत बसते आणि फोव्हिया तिच्यात येतो का? स्कॅनवर अजून पाणी आहे का? आणि हा आजार पॉलिपॉइडल प्रकारचा तर नाही ना? हा शेवटचा प्रश्न मुद्दाम सुचवतो, कारण रक्तवाहिन्यांना फुगे येणारा हा प्रकार आपल्याकडे, एकूणच आशियात, बऱ्यापैकी आढळतो. त्यासाठी वेगळी अँजिओग्राफी लागते आणि उपचारांतही फरक पडू शकतो. दुसऱ्या रेटिनातज्ज्ञांचे मत घ्यायला काहीच हरकत नाही, फक्त फाटण्यापूर्वीचे आणि नंतरचे दोन्ही ओसीटी स्कॅन, म्हणजे रेटिनाचे थर दाखवणारी चित्रे, सोबत न्या. नुसत्या टाइप केलेल्या अहवालावरून दुसऱ्या डॉक्टरला फारसे सांगता येत नाही. त्याला चित्रे हवी असतात.

पडदा शिवण्याच्या ऑपरेशनबद्दल थोडक्यात सांगतो. ज्यात प्रकाशाच्या चमका आणि काळे ठिपके दिसू लागतात, लेसरने फाटीभोवती बांध घालतात आणि पडदा सुटलाच तर ऑपरेशन करतात, ते रेटिनाचे फाटणे वेगळे. तुमच्या वडिलांचे दुखणे ते नाही. पेशींचा हा एकेरी थर शिवता येत नाही आणि गुंडाळला गेलेला भाग पुन्हा पसरवून बसवणारे रूढ ऑपरेशन आज उपलब्ध नाही. ज्यांनी सुचवले त्यांचा हेतू चांगला असेल, पण त्यांनी दुसऱ्याच आजाराचे रुग्ण पाहिलेले असावेत.

स्टेम सेलविषयी मात्र सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण इथे आशा खरी आहे आणि फसवणूकही खरी आहे. जपानमध्ये २०१४ साली मासायो ताकाहाशी यांच्या चमूने एका स्त्री रुग्णाच्याच पेशींपासून या थराची पट्टी वाढवून तिच्या डोळ्यात बसवली. लंडनमध्येही २०१८ साली अशाच प्रकारच्या, पण भ्रूणपेशींपासून केलेल्या, पट्टीचे दोन रुग्णांतले निष्कर्ष प्रसिद्ध झाले. हे संशोधन आहे. दवाखान्यात जाऊन घेता येणारा उपचार नव्हे. त्याच सुमारास, २०१५ मध्ये, अमेरिकेच्या फ्लोरिडा राज्यातील एका क्लिनिकने पोटाच्या चरबीतून काढलेल्या तथाकथित स्टेम सेल पैसे घेऊन तीन वृद्ध स्त्रियांच्या दोन्ही डोळ्यांत एकाच दिवशी टोचल्या आणि तिघींचीही नजर गंभीररीत्या गेल्याची नोंद २०१७ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात आली. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताच्या ठरावीक आजारांतील प्रत्यारोपण वगळता स्टेम सेलचा वापर मान्य चाचणीबाहेर करता येत नाही. चाचणी खरी असेल तर ती भारतीय क्लिनिकल चाचण्यांच्या नोंदवहीत सापडते आणि चाचणीतल्या उपचाराचे पैसे रुग्णाकडून घेतले जात नाहीत. कोणी पॅकेजचा दर सांगू लागले की उठून यावे.

तक्रारीबाबत तुमच्या भावाचे म्हणणे मी पूर्ण झटकणार नाही. थर फाटणे हा निष्काळजीपणाचा पुरावा नाही, कारण उत्तम हातांतही तो फाटतो. मात्र फुगवटा उंच असताना ‘हे फाटू शकते’ असे आधी सांगायला हवे होते की नाही, या प्रश्नाचे उत्तर माझ्या मते ‘हो’ असे आहे. गर्दीच्या ओपीडीत संमतिपत्रावर सही घेतली जाते आणि त्यातील ओळी वाचून कोणी दाखवत नाही, ही आमच्या व्यवसायातली वाईट सवय आहे. तुमच्या भावाने आधी कागदपत्रे मागावीत. रुग्णाने किंवा नातेवाइकांनी मागणी केल्यावर ७२ तासांत ती देणे नियमाने बंधनकारक आहे. मग डॉक्टरांशी बसून शांतपणे हा प्रश्न विचारावा. उत्तराने समाधान झाले नाही तर महाराष्ट्र वैद्यक परिषदेचा मार्ग मोकळा आहेच. फक्त तक्रार निकाली निघेपर्यंत डोळ्याचा उपचार अडवून धरू नये, कारण परिषदेच्या तारखा आणि डोळ्यातले पाणी एकमेकांसाठी थांबत नाहीत.

आता डावा डोळा. माझ्या लेखी तो अधिक महत्त्वाचा आहे. पिवळट ठिपके म्हणजे आजाराचा कोरडा टप्पा. त्यात फुगवटा नसेल तर आज तिथे थर फाटण्याचा प्रश्न उद्भवत नाही. पण एका डोळ्यात ओला आजार झालेल्याच्या दुसऱ्या डोळ्यालाही तो होण्याची शक्यता वाढलेली असते, म्हणून ॲम्सलरचा चौकटींचा तक्ता घरी ठेवा. वाचायचा चष्मा लावून, उजवा डोळा तळहाताने झाकून, तक्ता सुमारे एक फूट अंतरावर धरून मधल्या ठिपक्याकडे पाहायचे. रेषा वाकल्या, तुटल्या किंवा एखादी चौकट पुसट झाली तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच आठवड्यात दाखवायचे. जीवनसत्त्व क आणि ई, जस्त, तांबे, ल्युटिन व झिॲक्सँथिन यांच्या ठरावीक मिश्रणाने अशा डोळ्यात आजार बळावण्याचा धोका काही प्रमाणात कमी होतो, हे दीर्घ चाचण्यांत दिसले आहे. मात्र त्याने उजव्या डोळ्याची गेलेली नजर परत येणार नाही आणि डॉक्टरांना विचारूनच ते सुरू करावे. विडी-सिगारेट असेल तर ती सुटलीच पाहिजे. उद्या डाव्या डोळ्यात ओला आजार आलाच आणि तिथेही उंच फुगवटा दिसला, तर उजव्यात काय झाले हे त्या दिवशी डॉक्टरांना आवर्जून सांगा, कारण एका डोळ्यात फाटलेल्यांना दुसऱ्यातही तो धोका अधिक असतो.

इथवर तुमचे, भावाचे आणि डॉक्टरांचे म्हणणे आले. ज्यांचा डोळा आहे त्यांचे पत्रात एकही वाक्य नाही. ‘वडील काहीच बोलत नाहीत’ हे वाक्य तुम्ही जाता जाता लिहिले आहे, पण मी तिथे थबकलो. आपल्यामुळे मुलांत भांडण लागले, आपल्यावर खर्च होतो आहे, आपण आता पुरते आंधळे होणार, यांपैकी त्यांना काय वाटते ते विचारल्याशिवाय कळणार नाही. तिसऱ्या शंकेचे उत्तर तुम्ही आजच देऊ शकता: हा आजार मधली नजर घेतो, कडेची नजर बहुधा राहते, त्यामुळे काळाकुट्ट अंधार होत नाही. आणखी एक गोष्ट हळूच विचारा. त्यांना नसलेली माणसे, नक्षी, फुले किंवा जाळ्या दिसतात का? नजर गेलेल्या भागात मेंदू स्वतःहून चित्रे रंगवतो. स्विस निसर्गशास्त्रज्ञ शार्ल बोने यांनी १७६० मध्ये आपल्या आजोबांच्या बाबतीत हे नोंदवले होते. आपल्याला वेड लागले असे समजतील, या भीतीने वृद्ध माणसे हे लपवतात. ते वेड नव्हे, हे एकदा समजले की बहुतेकांचे ओझे उतरते.

घरातल्या सोयी साध्या आहेत. पायऱ्यांच्या कडेला पिवळ्या रंगाची पट्टी ओढा, कारण एका डोळ्याने खोलीचा अंदाज चुकतो. चहा ओतताना किटलीची चोच कपाच्या काठाला टेकवूनच ओतायला सांगा. पांढऱ्या ताटात पांढरा भात वाढू नका. पोथी मोठ्या टाइपाची आणा आणि दिवा डाव्या खांद्यामागून पानावर पडेल असा ठेवा. जमत असेल तर ‘लो व्हिजन’ विभाग असलेल्या नेत्र रुग्णालयात एकदा नेऊन योग्य ताकदीचे भिंग निवडून घ्या, बाजारातून अंदाजाने आणलेले भिंग पेटीत पडून राहते. डावा डोळा चांगला असेपर्यंत अपंगत्वाच्या दाखल्यासाठी लागणारा ४० टक्क्यांचा निकष भरत नाही, त्यामुळे त्यासाठी खेटे घालू नका. स्कूटर चालवत असतील तर डॉक्टरांनी दोन्ही डोळ्यांची नजर तपासून हो म्हणेपर्यंत किल्ली तुमच्याकडे असू द्या.

हे वाचणाऱ्या इतरांसाठी एक सूचना: इंजेक्शननंतर नजर अचानक घटली तर ती थर फाटल्यामुळेच, असे घरी बसून ठरवू नका. डोळा दुखणे, लाल होणे आणि नजर उतरणे एकत्र आले तर तो जंतुसंसर्ग असू शकतो. तो हजारो इंजेक्शनांमागे एखाद्यालाच होतो, पण त्यात तासांचा हिशोब असतो आणि रात्र असली तरी निघावे लागते.

ताई, पुढच्या भेटीला भावाला सोबत न्या आणि स्कॅन उघडल्यावर दोघांनीही तो संगणकाच्या पडद्यावर पाहा. वडिलांना मधल्या खुर्चीत बसवा आणि पुढचे इंजेक्शन घ्यायचे की नाही, हे डॉक्टरांनी त्यांना विचारू द्या. ठरलेली तारीख तोवर मोडू नका. काही कारणाने बदलावीच लागली, तर रुग्णालयाला फोन करून जवळचीच दुसरी तारीख मागून घ्या.